पार्श्वभूमी : आयर्लंडच्या खेड्यांतली 'वाटेवरची माणसे'

1937 ते 1939 दरम्यान आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी वह्यांत लिहून घेतल्या. त्यातला एक विषय होता आयरिश भाषेत 'लुख्त शूल', म्हणजे वाटेवरची माणसे. या वह्यांमध्ये भिकारी, फिरते मजूर आणि कल्हईवाल्यांसारखे टिनकाम करणारे बऱ्याचदा एकाच रांगेत बसतात. त्यांची मुळे मात्र वेगवेगळी.

सर्वांत जुनी आठवण बटाट्याची. धान्यासारखा बटाटा वर्षभर टिकत नाही. उन्हाळा लागला की त्याला कोंब फुटतात, तो सडतो. नवे पीक ऑगस्टमध्ये. मधल्या जून-जुलैत मजुराच्या घरी खायला काही उरत नसे. मग नवरा कापणीसाठी इंग्लंडला जाई आणि बायको दाराला कडी लावून, पोरे घेऊन, ओळखीचे कुणी भेटणार नाही अशा दूरच्या गावी मागायला निघे. पैसे क्वचितच मिळत. दारोदारी मूठभर बटाटे झोळीत पडत आणि रात्री चुलीजवळ गवतावर झोपायला जागा. देणारे बहुतेक स्वतःच गरीब. मोठ्या वाड्यांच्या फाटकापर्यंत भिकारी पोचतच नसे. रिकाम्या हाती पाठवले तर शाप लागतो, ही भीतीही होतीच.

डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हॅटली यांच्या, गरिबीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने 1836 मध्ये हिशेब मांडला : वर्षातले 30 आठवडे 23 लाख 85 हजार लोकांना मदत हवी. त्यांनी रोजगार सुचवला; सरकारने 1838 च्या कायद्याने वर्कहाउसे, म्हणजे कामाच्या बदल्यात आसरा देणारी गरीबगृहे, उभारली. तिथे नवरा, बायको, मुले वेगळी ठेवत, म्हणून लोक रस्ताच पत्करत. 1847 मध्ये, बटाट्याच्या रोगाने पडलेल्या मोठ्या दुष्काळात, भीक मागणे गुन्हा ठरला.

टिनकाम करणारे ट्रॅव्हलर, म्हणजे आयर्लंडचा भटका समाज, निराळे. ते पत्र्याचे डबे, बादल्या बनवत, गळक्या भांड्यांना डाग देत. भांडे पाण्याशिवाय विस्तवावर राहिले की डाग वितळून निघे. गृहिणी दोष कारागिराला देई, हे ओघानेच आले. पुढे प्लॅस्टिक आले आणि ते कामच गेले.

ट्रॅव्हलर म्हणजे दुष्काळात घर गमावलेले शेतकरी, असे गावोगाव सांगत. 2017 च्या जनुकीय अभ्यासाने ते खोडून काढले : त्यांची वाट दुष्काळाच्या कितीतरी आधीच वेगळी झाली होती.