इरेडेंटिझम आणि ऐतिहासिक दावा: फरक इटलीच्या सीमेवर दिसतो

एखादा देश शेजाऱ्याच्या ताब्यातला मुलूख 'आमचा' म्हणू लागला की आपण सरसकट त्याला विस्तारवाद म्हणून मोकळे होतो. पण त्या 'आमचा'मागे दोन निरनिराळी कारणं असू शकतात. 'तिथं आज आमची माणसं राहतात' हे एक, आणि 'तो भाग पूर्वी आमच्या राज्यात होता' हे दुसरं. पहिल्याला इरेडेंटिझम म्हणतात, दुसरा ऐतिहासिक दावा. पुढारी दोन्ही एकाच दमात मांडतात, म्हणून गल्लत होते.

इरेडेंटिझम हे नावच इटलीतून आलं. १८६६ मध्ये व्हेनिस इटलीला मिळालं, तरी त्रेंतो आणि त्रिएस्ते ऑस्ट्रियाकडेच राहिले. १८७७ मध्ये इटालियन राजकारणी मात्तेओ रेनातो इंब्रियानी यांनी अशा भागांना 'तेर्रे इरेदेंते', म्हणजे 'न सुटलेली भूमी' म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. त्रेंतोच्या खोऱ्यात इटालियन बोलणारेच बहुसंख्य होते. तिथले चेझारे बात्तिस्ती १९११ मध्ये व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले. पुढं महायुद्धात ते इटलीकडून लढले, पकडले गेले, आणि जुलै १९१६ मध्ये ऑस्ट्रियानं त्यांना त्रेंतोच्याच किल्ल्यात फाशी दिलं. त्याच भागातले, त्याच संसदेत बसलेले आल्चीदे दे गास्पेरी मात्र बराच काळ ऑस्ट्रियातच राहून स्वायत्तता मिळवण्याच्या बाजूचे होते. भाषा इटालियन म्हणजे मनही इटलीत, असं गृहीत धरता येत नाही. इरेडेंटिझमचा साक्षीदार जिवंत माणूस असतो. त्याला विचारता येतं, आणि तो 'नाही' म्हणू शकतो.

ऐतिहासिक दाव्याचे साक्षीदार म्हणजे नकाशे, सनदा, शिलालेख. त्यांची उलटतपासणी घेता येते, पण तिथं आज राहणाऱ्याचं मत त्यात कुठंच नोंदलेलं नसतं.

२६ एप्रिल १९१५ च्या लंडन येथील गुप्त तहात मित्रराष्ट्रांनी इटलीला युद्धात उतरण्याच्या बदल्यात त्रेंतो, त्रिएस्ते, आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीपर्यंतचा ऑस्ट्रियाचा टायरोल प्रांत आणि एड्रियाटिक समुद्राकाठचा उत्तर डाल्मेशिया देऊ केला. यादी एकच होती, पण हक्क एका जातीचे नव्हते. डाल्मेशियाचा किनारा १७९७ पर्यंत व्हेनिसच्या प्रजासत्ताकाकडे होता. झारासारख्या शहरात इटालियन वस्ती होती, पण बाकी मुलूख क्रोएट भाषकांचा. तो दावा मुख्यतः इतिहासाचा होता.

आता आदिजे नदीच्या काठानं त्रेंतोहून उत्तरेला जा. सालोर्नोपाशी दरी अरुंद होते आणि भाषा बदलते. १९१० च्या जनगणनेत तिथून वरच्या भागात दहातले जवळपास नऊ जण जर्मन बोलणारे होते. इटालियन बोलणारे शंभरात तीनच्या आसपास. या लोकांवर 'आमची माणसं' म्हणून हक्क सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून इथं रोमन काळ पुढं आला आणि आल्प्सचा पाणलोट हीच नैसर्गिक सीमा ठरवली गेली. इटालियन राष्ट्रवादी एत्तोरे तोलोमेई यांनी तर प्रत्येक गावाला इटालियन नाव देणारी यादीच तयार केली. श्टेर्त्सिंगचं विपितेनो झालं.

१९१९ च्या पॅरिस परिषदेत इटलीनं फियुमे हे बंदरही मागितलं, जे लंडनच्या तहात नव्हतंच. का, तर तिथं इटालियन बोलणारे सर्वांत जास्त आहेत. म्हणजे फियुमेत लोकसंख्या, डाल्मेशियात तह आणि इतिहास, ब्रेनरवर डोंगर! माझ्या मते खोट इथं आहे. दावा कोणत्याही प्रकारचा असो, माप जागेगणिक बदललं की त्याचा प्रामाणिकपणा संपतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी फियुमे आणि डाल्मेशिया अडवून धरले, पण राष्ट्रीयत्वानुसार सीमा आखण्याचं त्यांचंच सूत्र ब्रेनरवर सोडून दिलं. सार्वमत ना त्रेंतोत झालं, ना सालोर्नोच्या वर.

मराठी वाचकाला हा फरक घरच्या उदाहरणानं पटकन कळेल. बेळगाव-निपाणीचा वाद एकाच देशातल्या दोन राज्यांचा आहे, त्यामुळं त्याला इरेडेंटिझम म्हणणं चूक ठरेल. पण त्यातला युक्तिवाद माणसांचा आहे: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकांची इच्छा. तंजावरला भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत होती, तरी तंजावर महाराष्ट्रात आणा अशी मागणी कुणी करत नाही. तो इतिहास आपला आहे, पण त्यावरून सीमा मागायची नसते, हे आपल्याला न शिकवता कळतं.

टायरोलमध्ये पुढं उलटंच घडलं. इटलीनं घेतलेला तो भाग आता ऑस्ट्रियाच्या दृष्टीनं 'न सुटलेली भूमी' झाला, आणि या वेळी माणसांचा दावा ऑस्ट्रियाकडं होता. फासिस्ट राजवटीनं जर्मन शाळा बंद केल्या, तेव्हा मुलांना चोरून, घराघरांत अक्षरं शिकवली गेली. १९४६ मध्ये तेच दे गास्पेरी, आता इटलीचे पंतप्रधान, आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ग्रुबर यांनी पॅरिसमध्ये करार केला: सीमा हलणार नाही, पण जर्मन भाषकांना त्यांची भाषा आणि स्वायत्तता मिळेल. अंमलबजावणी रखडली, १९६० च्या दशकात बाँबस्फोटही झाले, मग १९७२ मध्ये नवा स्वायत्तता कायदा आला. वाद मिटल्याचं ऑस्ट्रियानं संयुक्त राष्ट्रांना कळवलं ते १९९२ मध्ये. सीमा आजही ब्रेनरवरच आहे, आणि खालच्या गावांत मुलं जर्मन शाळेत जातात.