सेन्सरपासून पॅचपर्यंत: मॅक्स, प्युअर डेटा आणि यूएसबीची पूर्वकथा

मॅक्स किंवा प्युअर डेटा हे संगीतासाठीचं सॉफ्टवेअर उघडलं की समोर कोरी खिडकी येते. तिच्यात छोटे चौकोन मांडायचे, तारांनी एकमेकांना जोडायचे आणि यूएसबीला लावलेल्या जॉयस्टिकचे, ग्राफिक टॅब्लेटचे किंवा आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवरच्या सेन्सरचे आकडे त्या तारांतून सोडायचे. या मांडणीला पॅच म्हणतात. हे पहिल्यांदाच करणाऱ्याला साहजिकच वाटतं, की सॉफ्टवेअर मुळात आवाज तयार करण्यासाठी निघालं आणि सेन्सर त्याला मागाहून चिकटले. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. या घराण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हात आधी आला, आवाज बऱ्याच वर्षांनी आला. आज सेन्सर जोडताना ज्या अडचणी येतात त्यांची मुळंही त्याच क्रमात आहेत.

मॅक्सला ज्यांचं नाव दिलं ते मॅक्स मॅथ्यूज अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये अभियंता होते. १९५७ मध्ये त्यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून सूर वाजवून घेतले. तेव्हा संगणक थोड्याशा संगीतासाठीही बराच वेळ आकडेमोड करायचा. वाजवता वाजवता ऐकायची सोयच नव्हती. १९७०च्या सुमारास त्यांनी आणि रिचर्ड मूर यांनी ग्रूव्ह नावाची यंत्रणा उभी केली आणि वेगळा रस्ता धरला. आवाजाचं काम ॲनालॉग सिंथेसायझरकडे दिलं. संगणकाने फक्त वादकाच्या हाताखालचे नॉब, जॉयस्टिक आणि पट्ट्या वाचायच्या, त्या हालचाली डिस्कवर साठवायच्या, हव्या तेव्हा पुन्हा सोडायच्या. आवाजाच्या मानाने हाताची हालचाल फार संथ असते. सेकंदाला शंभरेक वेळा मोजली तरी तिचा बहुतेक डौल पकडता येतो, आणि तेवढं काम त्या काळच्या संगणकाला झेपत होतं. नियंत्रणाचे आकडे वेगळे आणि आवाजाचे आकडे वेगळे, ही फारकत तिथून सुरू झाली. मॅक्समधल्या साध्या तारा आणि आवाज वाहणाऱ्या पट्टेदार तारा हा भेद त्याच विचाराचा वारस आहे.

पुढचा टप्पा पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेतला. जुझेप्पे दी जुन्यो यांनी तिथे ४एक्स नावाचं प्रचंड यंत्र बांधलं होतं. ते तत्क्षणी ध्वनी घडवू शकायचं. बॅरी व्हर्को यांना त्यावर असा साथीदार हवा होता, जो वादकाच्या लयीमागे जाईल. वादक रेंगाळला तर थांबेल, धावला तर धावेल. प्रयोगाला फ्लूटवादक लॉरेन्स बोरगार्द होते. नुसत्या मायक्रोफोनवरून सूर ओळखायला यंत्राला वेळ लागायचा, म्हणून फ्लूटच्या किल्ल्यांना सेन्सर लावले. कोणत्या किल्ल्या दाबल्या आहेत हे त्यामुळे लगेच कळायचं. पण फ्लूटवर खालच्या आणि वरच्या सप्तकातले कित्येक स्वर एकाच बोटांनी निघतात, फरक फक्त फुंकीत असतो. म्हणजे सेन्सर एकटा अपुरा आणि मायक्रोफोनही एकटा अपुरा. दोघांची सांगड घातली तेव्हा कुठे स्वर नेमका सापडला. सेन्सरच्या सबंध इतिहासात मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण स्पर्श आणि ध्वनी यांच्यात कामाची वाटणी कशी करायची याचं उत्तर तिथे १९८०च्या दशकातच मिळालेलं दिसतं.

बोरगार्द १९८५ मध्ये अगदी तरुण वयात गेले. संगीतकार फिलिप मानुरी यांनी पुढे फ्लूट आणि ४एक्ससाठी ‘ज्युपिटर’ ही रचना केली, ती १९८७ मध्ये सादर झाली. त्यामागचं संगणकाचं काम मिलर पकेट यांचं होतं. कार्यक्रमाचा प्रत्येक बदल कोडच्या ओळींत करणं जिकिरीचं होतं. म्हणून पकेट यांनी मॅकिंटॉशवर पॅचर लिहिला. चौकोन आणि तारा मांडायच्या आणि मिडीवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना निरोप पाठवायच्या ठरलेल्या भाषेतून, ४एक्सला हुकूम सोडायचे. १९८८ साली मानुरींच्या ‘प्लूटॉन’ या पियानोच्या रचनेसाठी तो पहिल्यांदा कामाला लागला. स्वतः आवाज काढायची कुवत त्याच्यात नव्हती. पियानोच्या पट्ट्यांवरून काय आलं ते पाहायचं, कधी काय घडायला हवं ते ठरवायचं आणि पुढे पाठवायचं, इतकंच त्याचं काम. मॅथ्यूज यांच्या अशाच वेळापत्रक सांभाळणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या ऋणाची पोच म्हणून पकेट यांनी त्याला मॅक्स नाव दिलं.

१९९० मध्ये ओपकोड कंपनीने मॅक्स बाजारात आणला. तो विक्रीयोग्य करण्याचं श्रेय डेव्हिड झिकारेली यांचं. पकेट यांनी १९९६च्या सुमारास कॅलिफोर्नियातून प्युअर डेटा मोफत आणि मुक्त स्वरूपात दिला. त्यातल्या ध्वनीच्या भागाचा आधार घेऊन १९९७ मध्ये मॅक्सला एमएसपी हा ध्वनी घडवणारा भाग जोडला गेला आणि साध्या मॅकिंटॉशवर मॅक्स स्वतः गाऊ लागला.

मधल्या काळात सेन्सर जोडायचा तर मिडीखेरीज दार नव्हतं. १९८३ चा हा करार पट्टीवाद्यांसाठी झालेला. सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे तीन बाइटचा एक निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद. नियंत्रणाच्या आकड्याला सात बिट, म्हणजे ० ते १२७. आवाजाच्या जोरासाठी एवढं पुष्कळ झालं. पण आपल्या गळ्याला सवय असलेली गोष्ट त्यावर करून पाहा. दोन सप्तकांच्या पल्ल्यावर एखादा सेन्सर नेमला तर २,४०० सेंट (एका सप्तकाचे १,२०० सेंट) १२७ पावलांत वाटले जातात. एक पाऊल जवळजवळ १९ सेंटचं. प्रमाणश्रुती साडेएकवीस सेंटची असते. म्हणजे हात सलग सरकवला तरी ऐकू येते ती मींड नव्हे, श्रुतीएवढ्या पायऱ्यांची शिडी. दोन निरोप जोडून चौदा बिट पाठवायची तरतूद मिडीत होती, पण ती पाळणारी उपकरणं थोडी होती.

तरी त्या चौकटीत राहून लोकांनी अचाट कामं केली. ॲमस्टरडॅमच्या स्टाइम या संस्थेत मिशेल वाइसविझ यांनी १९८४ मध्ये ‘द हँड्स’ हे दोन्ही हातांत घालायचं वाद्य वाजवलं. दोन हातांमधलं अंतर त्यात अल्ट्रासाउंडने मोजलं जायचं. तिथेच पुढे सेन्सरलॅब नावाची पेटी तयार झाली, जी कोणत्याही सेन्सरचा विद्युतदाब मिडीत बदलून द्यायची. लेटिशिया सोनामी यांचा ‘लेडीज ग्लव्ह’ हा हातमोजा तिच्याच मार्फत मॅक्सशी बोलायचा. कॅनडातून १९९५ मध्ये आलेल्या आय-क्यूबने हीच सोय तयार मालासारखी विकत दिली. पण या पेट्या महाग, आणि त्या पैशांत बहुधा पुन्हा ० ते १२७च.

विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा सेन्सर खेळाच्या दुकानात होता, तो म्हणजे जॉयस्टिक. पीसीच्या साउंड कार्डवर पंधरा टाचण्यांचं एक भोक असायचं. जॉयस्टिक आणि मिडी दोन्ही त्याच भोकातून यायचे. जॉयस्टिक वाचायची रीत मात्र विचित्र होती. दांडीखालच्या पोटेन्शिओमीटरमधून एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो हे प्रोसेसर मोजत बसायचा. संगीत चालू असताना प्रोसेसरला असं अडकवून ठेवणं परवडायचं नाही.

यूएसबीने ही कोंडी फोडली. सात कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये त्याची पहिली अधिकृत आवृत्ती काढली. इंटेलमध्ये त्यामागे असलेल्यांत अजय भट्ट हे नाव ठळक आहे. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. १९९८ च्या आयमॅकने जुनी भोकं काढून फक्त यूएसबी ठेवल्यावर उपकरणं बनवणाऱ्यांना दुसरा पर्याय उरला नाही.

संगीतकारांच्या दृष्टीने यूएसबीतला खरा ऐवज होता एचआयडी (ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस) हा उपकरणांचा वर्ग. कीबोर्ड, माउस, जॉयस्टिक यांसाठी ठरवलेला. या वर्गातलं उपकरण जोडताक्षणी आपली ओळख स्वतः सांगतं. मला इतकी बटणं आहेत, इतके अक्ष आहेत, अमुक अक्ष आठ बिटांचा, तमुक दहा किंवा सोळा बिटांचा. वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि सात बिटांची अटही नाही. हाच १० बिटांचा आकडा वरच्या दोन सप्तकांवर लावला तर पाऊल अडीच सेंटांच्याही आत येतं, आणि तिथे कान पायऱ्या मोजणं सोडून देतो. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी पाठवायचा वेगळा वर्गही ठरला. तारेचा वेग त्यात वाढला, आकड्यांची मोजपट्टी जुनीच राहिली. त्यामुळे कित्येक वर्षं संगीतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लायडरपेक्षा खेळासाठी विकली जाणारी जॉयस्टिक जास्त बारीक मोजत होती!

मॅक्समध्ये एचआयडी वाचायला ‘एचआय’ ही वस्तू आली. उपकरण निवडा, किती मिलिसेकंदांनी विचारायचं ते सांगा, की घटकाचा क्रमांक आणि त्याचं मूल्य अशा जोड्या बाहेर पडू लागतात. प्युअर डेटासाठी हान्स-क्रिस्टोफ स्टाइनर यांनी ‘हिड’ लिहिलं. त्यात क्रमांकाऐवजी अक्षांना नावं मिळाली, त्यामुळे पॅच वाचणं सोपं झालं. यूएसबीचा एक स्वभाव इथे ध्यानात ठेवावा लागतो. उपकरण आपण होऊन बोलत नाही, संगणक ठराविक अंतराने विचारतो तेव्हाच उत्तर देतं. मंदगती वर्गातल्या उपकरणाला एका विचारण्यात आठ बाइटच देता येतात, आणि विंडोजवर हे विचारणं बहुधा सेकंदाला १२५ वेळा व्हायचं. पॅचमध्ये एक मिलिसेकंदाचा ठोका लावला म्हणून जॉयस्टिक त्या वेगाने नवे आकडे देत नाही. तेच आकडे पुन्हा पुन्हा मिळतात.

एचआयडीमुळे काय साधलं हे दाखवायला गेमट्रॅकइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. प्लेस्टेशन २ साठी ब्रिटनमध्ये निघालेलं हे खेळणं. जमिनीवर ठेवायच्या एका पेटीतून दोन नायलॉनच्या दोऱ्या निघतात. त्यांची टोकं हातमोज्यांना लावायची. प्रत्येक दोरी एका छोट्या दांडीतून बाहेर येते, म्हणून ती कुठे कलली हे दोन अक्षांवर कळतं. किती ओढली गेली हे आतली रीळ सांगते. दोन हातांचे मिळून सहा आकडे, शिवाय पायाचं एक बटण. दोरीला स्प्रिंगचा ताण असतो, त्यामुळे हवेत हात हलवतानाही बोटांना काहीतरी जाणवत राहतं, आणि वाद्याला हे लागतंच. खेळ बाजारात फारसे टिकले नाहीत. पण २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रिन्स्टनच्या आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅनफर्डच्या लॅपटॉप ऑर्केस्ट्रांनी या पेट्या आपल्याशा केल्या, कारण यूएसबीला लावल्या की त्या जॉयस्टिक म्हणून ओळख सांगायच्या.

याच वर्षांत दुसरी वाट उघडली. २००१ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातून फिजेट्स हे यूएसबीला लावायचे तयार सेन्सर आले. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआतून आर्डुइनो आला. बहुतेक आर्डुइनो बोर्ड यूएसबी तारेवर एचआयडी म्हणून नव्हे, जुन्या सीरियल पोर्टचा वेश घेऊन येतात. मॅक्समध्ये ‘सीरियल’ वस्तूला ‘मेट्रो’ या ठराविक अंतराने वाजणाऱ्या वस्तूचा ठोका देत राहायचं, तेव्हा साठलेले बाइट हाती येतात. पहिल्याच पॅचमध्ये इथे माणूस अडतो. सहा सेन्सर, प्रत्येकाचा आकडा १०२३ पर्यंत, मध्ये मोकळी जागा, शेवटी ओळ संपल्याची दोन चिन्हं, असे एका खेपेला ३१ बाइट होतात. वेग सेकंदाला ९,६०० बिट ठेवला तर, एका बाइटला दहा बिट लागत असल्याने, सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे सगळे सेन्सर मिळून सेकंदाला ३१ वेळा. तबल्याचा एक साधा तुकडाही त्यात मावत नाही. वेग १,१५,२०० केला की तेच ३७० च्या आसपास जातं. बऱ्याच जुन्या बोर्डांवरची यूएसबीची चिप शिवाय १६ मिलिसेकंदांपर्यंत बाइट धरून ठेवायची. ही सवय ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन मोडावी लागायची.

आकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हा प्रश्न स्टाइनर यांनी फर्माटा ही निरोपांची ठरलेली पद्धत लिहून सोडवला. त्यासाठी त्यांनी मिडीचाच घाट घेतला. हुकमाच्या बाइटचा वरचा बिट एक, माहितीच्या बाइटचा शून्य. दहा बिटांचा आकडा सात-सातच्या दोन तुकड्यांत जातो. मिडीची मर्यादा टाकून त्याची शिस्त मात्र ठेवणारी ही युक्ती आजही आर्डुइनोसोबत मिळते.

आकडे पोहोचले म्हणजे वाद्य झालं असं नाही. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात अँडी हंट यांनी लोकांना तीन तऱ्हांनी ध्वनी हाताळायला दिला: पडद्यावरचे स्लायडर, खरे स्लायडर, आणि एक गुंतागुंतीची मांडणी, जिच्यात माउस सतत हलता ठेवल्याशिवाय आवाजच यायचा नाही आणि एका हालचालीने अनेक गुण बदलायचे. सुरुवातीला तिसरी तऱ्हा अवघड गेली. सरावाने तिच्यातच लोकांची प्रगती सर्वात जास्त झाली. एका सेन्सरला एकच गुण बांधून मोकळं होणाऱ्या पॅचचा वादकाला कंटाळा का येतो, याचं कारण इथे आहे.

आपल्या वाद्यांपुरतं पाहायचं तर अजय कपूर यांनी प्रिन्स्टनमध्ये पेरी कुक यांच्यासोबत केलेलं काम वाचण्यासारखं आहे. २००२ चा इलेक्ट्रॉनिक तबला आणि २००४ ची इलेक्ट्रॉनिक सतार. सतारीच्या पडद्यांना त्यांनी रोधकांच्या साखळीने जोडलं, म्हणजे तार ज्या पडद्याला टेकेल त्यानुसार विद्युतदाब बदलतो. अंगठ्याखाली दाबाचा सेन्सर मिझराबीचा आघात पकडतो. पण मींड घेताना तार त्याच पडद्यावर आडवी ओढली जाते. पडद्याचा आकडा हलत नाही आणि सूर मात्र चढतो. तेव्हा चढलेला सूर ध्वनीतूनच मोजावा लागतो. पडद्याचा सेन्सर तिथे खालची हद्द आखून देतो, कारण ओढलेली तार मूळ स्वराच्या खाली जात नाही. पॅरिसच्या फ्लूटवर किल्ल्यांनी जे केलं, तेच इथे पडद्यांनी केलं.

मिडी २.० जानेवारी २०२० मध्ये संमत झालं आणि नियंत्रणाच्या आकड्यांना ३२ बिट मिळाले. मोजपट्टीची अडचण त्याने कागदावर तरी संपली. राहिली ती सेन्सरच्या थरथरीची. बारीक मोजणारा सेन्सर हात स्थिर असतानाही शेवटच्या एक-दोन अंकांत नाचत राहतो. ती थरथर निवळायला मागच्या काही आकड्यांची सरासरी घ्यावी लागते, आणि सरासरी घेतली की आवाज हाताच्या मागे पडतो. आलापासाठी ठरवलेली सरासरी ठोक्याच्या वाद्याला चालत नाही. ती किती ठेवायची हे अजूनही ज्याचं त्याने आपल्या पॅचमध्ये, कानाने ऐकून ठरवायचं असतं.