गाडीत बसलं की प्राण्यांना माणूस दिसत नाही?

'गाडीच्या आत बसलेला माणूस जंगली प्राण्यांना दिसतच नाही, म्हणून बिनधास्त फोटो काढा.' गोव्यातल्या मोले, बोंडला किंवा खोतीगावच्या अभयारण्यात जायचा बेत ठरला की हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास येतो.

तो खरा वाटतो, याला कारण आहे. गाडीच्या काचेमागे माणसाची उभी आकृती मोडते, आणि रोज जाणाऱ्या गाड्यांची प्राण्यांना सवय होते. पायी गेलात तर मुंगूस केव्हाच झुडपात. गाडीतून तेच दोन मिनिटं दिसतं. पण ही सवय झाली. नजर, कान, नाक चालूच असतात.

पडताळून पाहायचं तर स्वतःचेच फोटो मोठे करून बघा. बहुतेकांत डोळे आणि कान गाडीकडेच वळलेले सापडतील. शेकरू तर फसवतंच: धोका जाणवला की फांदीला पोट चिकटवून गप्प पडून राहतं. आपण म्हणतो, 'बघ, कळलंसुद्धा नाही!' खिडकीतून कुणाचा हात अचानक बाहेर आला की काय होतं, हे तर बहुतेकांनी अनुभवलेलं असतं.

तेव्हा गाडी वाटेतच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, काच आधीच खाली ठेवा आणि थांबा. इंजिनाच्या थरथरीने फोटोही हलतो. खिडकीच्या कडेवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की हात स्थिर राहतो. तांदूळ उकडे असले तरी चालतात.