अंतर्गत आर्थिक एकीकरण (ठाणे–नवी मुंबई)

एकाच देशातील स्थानिक करसीमा मोडून सलग बाजारपेठ घडण्याची प्रक्रिया. या पट्ट्यात तिचा निर्णायक टप्पा म्हणजे जकात संपवणारा वस्तू व सेवा कर (1 जुलै 2017).

अर्थतज्ज्ञ बेला बालासा यांनी 1961 मध्ये मांडलेल्या एकीकरणाच्या पायऱ्यांत (मुक्त व्यापार क्षेत्र, सीमाशुल्क संघ, सामाईक बाजारपेठ आणि आर्थिक धोरणेही जुळवणारा आर्थिक संघ) हा बदल कुठे बसतो, हे वादग्रस्त आहे. चलन व सीमाशुल्क देशभर आधीपासूनच एक असल्याने ही निव्वळ करसुधारणा, असे एक मत. मात्र मुलुंड–ऐरोलीच्या नाक्यांवर ट्रक जकातीसाठी थांबत होते, तोवर बाजारपेठ सलग नव्हती. म्हणून 2017 हा आर्थिक संघाचाच टप्पा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 301 ने व्यापार मुक्त ठेवला, तर राज्यसूचीतील 52 व्या नोंदीने स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर (म्हणजे जकात) घेऊ दिला. मालाच्या ये-जा करण्याला थेट अडवणारे कर सर्वोच्च न्यायालयाच्या अतियाबारी निकालाने (1960) अनुच्छेद 301 च्या कक्षेत आणले; पुढे ‘भरपाई करां’ना (रस्त्यांसारख्या सोयींच्या मोबदल्यातील करांना) त्यातून सूट मिळाली. जिंदाल स्टेनलेस (2016) खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ही भरपाई कराची उपपत्ती फेटाळली व भेदभाव करणारे करच आक्षेपार्ह ठरवले. म्हणजे न्यायालयीन वाटेने नाके उठले नसते. 101 व्या घटनादुरुस्तीने 52 वी नोंदच वगळली.

नवी मुंबईने जकातीऐवजी व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांवर आधारलेला उपकर घेतला. ठाण्यात व तेथेही 2013 मध्ये स्थानिक संस्था कर आला. मुंबईची जकात 2017 पर्यंत टिकली.

भिवंडीलगतच्या काल्हेर, पूर्णा, मानकोली येथील गोदामे वाढण्यात जकातीचा वाटा मोठा होता : माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि खपेल तेवढाच जकात भरून आत न्यायचा. जकात गेल्यावर ही गोदामे ओस पडायला हवी होती. पण ती वाढली. पूर्वी केंद्रीय विक्रीकर (आंतरराज्य विक्रीवरील कर) टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत. ती गरज सरल्यावर न्हावा-शेवा बंदर आणि महामार्ग यांना जवळची मोठी गोदामे सोयीची ठरली.

महापालिकांनी मात्र स्वतःचा हुकमी कर गमावला, आणि ही हानी मोठी आहे. राज्याच्या 2017 च्या कायद्यानुसार त्यांना दरवर्षी 8 टक्के वाढीने भरपाई मिळते. मुंबईचा पहिला मासिक हप्ता सुमारे 647 कोटी रुपयांचा होता.

पेट्रोल, डिझेल व मद्य अद्याप वस्तू व सेवा कराबाहेर आहेत. मुलुंड, ऐरोली व वाशी येथील पथकर वेगळा असून, त्यातून हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून सूट आहे.