ट्रायटन (मोटारसायकल)

ट्रायटन : नॉर्टनच्या ‘फीदरबेड’ फ्रेममध्ये ट्रायम्फचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवून घडवलेली ब्रिटिश मोटारसायकल. ट्रायम्फमधला ‘ट्राय’ आणि नॉर्टनमधला ‘टन’ मिळून हे नाव झाले. त्या काळच्या बोलीत ताशी १०० मैल (सु. १६१ किमी.) वेगालाही ‘टन’ म्हणत, नाव तरुणांच्या तोंडी चटकन रुळले त्याला हेही कारण असावे. नॉर्टन आणि ट्रायम्फ यांपैकी कोणीही ही गाडी आपली म्हणून विकली नाही. ती घरामागच्या शेडमध्ये आणि छोट्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांतून उभी राहिली, म्हणूनच कोणत्याही दोन ट्रायटन तंतोतंत सारख्या नसतात. ट्रायम्फ इंजिन व बीएसए फ्रेम यांची ‘ट्रायबीएसए’ आणि व्हिन्सेंट इंजिन व नॉर्टन फ्रेम यांची ‘नॉरव्हिन’ ही तिची भावंडे होत.

फ्रेम : बेलफास्टचे रेक्स मॅककँडलेस यांनी ही फ्रेम आखली. दोन अखंड नळ्यांचे वेढे हँडलच्या मानेजवळ एकमेकांना छेदून जातात आणि इंजिनाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात, हे तिचे वैशिष्ट्य. १९५० मध्ये आइल ऑफ मॅन या बेटावरील टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) मोटारसायकल शर्यतींत सीनियर व ज्युनियर या दोन्ही गटांत पहिले तिन्ही क्रमांक या फ्रेमवरच्या नॉर्टननी पटकावले. सीनियर शर्यत जेफ ड्यूक यांनी जिंकली. हॅरल्ड डॅनियल या स्वाराने तिची तुलना पिसांच्या गादीशी केली व त्यावरून ‘फीदरबेड’ हे नाव पडले, असे सांगतात. नॉर्टनच्या शर्यतीसाठीच्या ‘मॅन्क्स’ या मॉडेलची फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या मिश्रपोलादी नळ्यांची, तर रस्त्यावरच्या ‘डॉमिनेटर’ची साध्या पोलादाची असे. १९६० पासून बैठकीपुढचा भाग अरुंद केला, कारण रुंद नळ्या मांड्यांना लागतात अशी तक्रार होती. आधीच्या फ्रेमला ‘वाइडलाइन’ व नंतरच्या फ्रेमला ‘स्लिमलाइन’ म्हणतात.

इंजिन : ट्रायम्फचे रचनाकार एडवर्ड टर्नर यांच्या १९३७ च्या ४९८ घ. सेंमी. ‘स्पीड ट्विन’पासून ही इंजिनांची परंपरा सुरू होते. ट्रायटनसाठी विशेष मागणी असे ती ६४९ घ. सेंमी. इंजिनाला (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७१ मिमी., स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ८२ मिमी.). हे इंजिन ‘थंडरबर्ड’, ‘टायगर ११०’ आणि १९५९ च्या हंगामापासून ‘बोनव्हिल’ या मॉडेलांत येत गेले. इंजिन दमदार आणि वेग वाढवण्याचे सामान मुबलक. मात्र ट्रायम्फच्या तेव्हाच्या फ्रेममध्ये मागच्या स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) धुरीला पुरेसा आधार नव्हता. वेगात वळण घेताना गाडी शेपूट हलवू लागे. उत्तम इंजिन एका कंपनीकडे आणि उत्तम फ्रेम दुसरीकडे, अशी ही स्थिती होती.

उगमाचा वाद : पहिली ट्रायटन कोणी व केव्हा जुळवली याबाबत एकमत नाही. सर्वाधिक प्रचलित मत मोटारींच्या शर्यतींकडे बोट दाखवते. १९५० मध्ये ५०० घ. सेंमी. मोटारींच्या गटाला फॉर्म्युला ३ चा दर्जा मिळाला. कूपरसारख्या त्या हलक्या मोटारींना मॅन्क्सचे इंजिन हवे असे. पण नॉर्टन सुटे इंजिन देत नसल्याने लोक अख्खी मोटारसायकल विकत घेऊन तिचे इंजिन काढत. इंजिनाविना उरलेल्या फ्रेममध्ये कोणीतरी ट्रायम्फचे इंजिन बसवले, असे हे मत.

दुसरे मत अधिक साधे आहे. अपघातात इंजिन गमावलेल्या किंवा फ्रेम वाकलेल्या गाड्या भंगारवाल्यांकडे येत. तिथे एकीची फ्रेम व दुसरीचे इंजिन स्वस्तात मिळे. नॉर्टनने पुढे आपली संथ एक-सिलिंडरी मॉडेलेही याच फ्रेममध्ये आणली, तेव्हा वेगाची हौस असलेल्यांना त्या फ्रेमा आयत्याच मिळाल्या.

दोन्ही मतांची सांगड काळाच्या हिशेबाने घालता येते. रस्त्यावरची डॉमिनेटर ८८ आरंभी निर्यातीसाठीच होती. ब्रिटनच्या ग्राहकांना ती १९५३ च्या सुमारास मिळू लागली. त्याआधी जुळवलेली ट्रायटन असेलच, तर ती मॅन्क्सच्या फ्रेमवरच असणार. म्हणजे अगदी पहिल्या काही गाड्यांपुरते मोटार-शर्यतींचे मत टिकते. मॅन्क्स मात्र मोजक्याच बनत, आणि ५०० घ. सेंमी. फॉर्म्युला ३ चा काळ १९६० पर्यंत संपला. ट्रायटनचा बहर त्यानंतरही चालू राहिला. आज दिसणाऱ्या बहुतेक ट्रायटनच्या फ्रेमा रस्त्यावरच्या मॉडेलांच्या आहेत. त्यामुळे एकंदर प्रथेचा उगम शर्यतीच्या मैदानापेक्षा भंगाराच्या ढिगात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिलेपणाचे वैयक्तिक दावे बरेचसे उशिरा सांगितलेल्या आठवणींवर उभे आहेत. त्यांतल्या कोणत्याही एकावर भिस्त ठेवणे योग्य होणार नाही.

जुळणी : १९६२ पर्यंतच्या ६५० ट्रायम्फमध्ये इंजिन व गिअरबॉक्स वेगवेगळे असत. ट्रायटनसाठी हीच रचना सोयीची ठरली. इंजिन फ्रेममध्ये धरून ठेवतात ते अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या जाड पट्ट्यांनी. या पट्ट्यांवर सारी गाडी अवलंबून असते. अनुभवी कारागीर आधी पुठ्ठ्याचा, मग प्लायवूडचा नमुना कापतो, इंजिन त्यावर टेकवतो आणि मगच धातूला हात लावतो. इंजिनावरचे दातेचक्र आणि क्लचचे दातेचक्र एका रेषेत आहे का, हे सुताराने रंधलेली कड न्याहाळावी तसे एक डोळा मिटून, सरळ पट्टी टेकवून पाहतात. त्यात जरा जरी तिरकेपणा राहिला तरी साखळी लवकर झिजते.

ट्रायम्फचे दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात व एकदमच खाली येतात. त्यातून उठणारा कंप नव्या फ्रेममध्ये वेगळ्याच वेगाला जाणवू लागतो. त्यासाठी क्रँकचा (पिस्टनची वरखाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याचा) तोल नव्याने साधतात, तसेच सिलिंडर हेड वरच्या नळीला आधारपट्टीने बांधतात. ही पट्टी गाळली तर मडगार्डचे आधार तडकतात, पेट्रोलची टाकी फुटते.

जुने इंजिन कुठून आले हे ठाऊक नसेल, तर क्रँक उघडणे टाळू नये. सु. १९५९ पासूनच्या एकसंध क्रँकच्या पोटात गाळ धरणारी एक नळी असते. तेलातला कचरा फिरण्याच्या जोराने तिच्यात जाऊन बसतो. ठोकून पक्के केलेले बूच काढून नळी ओढली की आत डांबरासारखा काळा, नखाने खरवडावा लागेल असा गाळ भरलेला दिसतो. तो तसाच राहिला तर बेअरिंगांना तेल पोचत नाही, आणि बाहेरून चकचकीत केलेले इंजिन आतून जाते.

आटे हा याहून किचकट विषय. ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ, बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आणि सायकल या तीन पद्धतींचे आटे शेजारी शेजारी नांदतात. व्हिटवर्थ व बीएसएफ आट्यांचा कोन ५५°, सायकल आट्यांचा ६०°. ५/१६ इंची बोल्टवर बीएसएफचे इंचाला २२, तर सायकलचे २६ आटे असतात. एकाचा नट दुसऱ्यावर दीड-दोन वेढे खुशाल फिरतो आणि मग अडतो. तिथे जोर केला की दोन्ही वाया जातात. पाना ओळखण्याची रीतही निराळी आहे, कारण पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. भरतो. त्या नटावर १३ चा मेट्रिक पाना चढत नाही आणि १४ चा घसरून कोपरे गोल करतो. ट्रायम्फने १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी धर्तीचे आटे स्वीकारले, त्यामुळे वेगवेगळ्या सालांचे भाग एकत्र करणाऱ्याने प्रत्येक बोल्ट आटेमापाने तपासूनच घ्यावा.

प्रसार : लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा एस कॅफे (१९३८–६९, २००१ मध्ये पुन्हा सुरू) हा या गाड्यांचा प्रसिद्ध अड्डा. शर्यतींतले मोठे यश १९६५ चे आहे. त्या वर्षी डेव्ह डेगन्स व रेक्स बुचर यांनी ड्रेस्डा ट्रायटनवर बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत जिंकली. ड्रेस्डा हे डेगन्स यांचेच वर्कशॉप. तिथे ट्रायटन मागणीप्रमाणे बांधून मिळत.

आज दोन्ही नावांचा भारताशी संबंध आहे. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फच्या ४०० घ. सेंमी. गाड्या २०२३ पासून पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटो बनवते. जुन्या ट्रायटनशी त्यांचे नाते नावापुरतेच आहे.

ओळख व नोंदणी : ट्रायम्फचा इंजिन क्रमांक डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी क्रँककेसवर असतो. नॉर्टनच्या फ्रेम क्रमांकात मॉडेलचा संकेत असल्याने फ्रेम मॅन्क्सची की डॉमिनेटरची हे कळू शकते. मॅन्क्सला किंमत जास्त येते, त्यामुळे नव्याने ठोकलेले क्रमांकही आढळतात. अक्षरांची ठेवण आणि ठशांखालचा घासलेला पत्रा पाहून ते ओळखावे लागतात. ब्रिटनमध्ये ज्या गाडीचे वय वा मूळ सिद्ध होत नाही तिला ‘क्यू’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. म्हणून भाग गोळा करणारे फ्रेमबरोबर तिची जुनी कागदपत्रेही, फाटकी असली तरी, मागून घेतात.