पार्श्वभूमी : खान्देशातल्या संस्था आणि सरकारी पैशाची वाट

सरकारी खर्चाने संस्था सुधारते की पोखरते, हे खान्देशात समजून घ्यायचं तर सुरुवात पांझरा नदीकाठच्या फडपद्धतीपासून, म्हणजे गावांनीच चालवलेल्या सिंचनापासून, करावी लागते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि कुठल्या फडात काय घ्यायचं ते पंच ठरवणार. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागले. त्यांचा मोबदला शेतकरीच देत, बहुधा धान्यात. पाटातला गाळही तेच काढत. पाणी चुकलं तर जाब कोणाला विचारायचा हे प्रत्येकाला ठाऊक असे. काही शतकं टिकलेली ही व्यवस्था मला आजही मोलाची वाटते.

1818 नंतर इंग्रजी अंमलात ओढ बंदोबस्ताकडे होती. 1825 मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. वसुली आणि पोलीस ही खाती भक्कम झाली. सातपुड्यात शाळा-दवाखाने मात्र फार उशिरा पोहोचले.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. शाळा, आरोग्य केंद्रं लोकांच्या प्रतिनिधींकडे गेली, हे मोठंच पाऊल. पण त्यांचं स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं. पैसा मुंबईहून, तोही ठरलेल्या लेखाशीर्षाखाली (म्हणजे ज्या कामासाठी आला त्यावरच खर्चायचा), आणि बराचसा मार्चच्या तोंडावर. अशा वेळी इमारत बांधणं सोपं पडतं: निविदा निघते, रक्कम खर्ची पडते, उद्घाटन होतं. परिचारिकेचा पगार, औषधं, छपराची दुरुस्ती यांना दरवर्षी पैसा लागतो, आणि कात्री तिथेच लागते. मग दवाखाना उभा असतो, पण बाळंतपणाला नंदुरबार किंवा धुळं गाठावं लागतं. याची किंमत सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या बायकांनी मोजली आहे.

1993 पासून राज्यात आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे अर्थसंकल्पातल्या आदिवासींसाठीच्या वाट्याचा, निधी आधीच वेगळा काढून आदिवासी विकास विभागाकडे दिला जाऊ लागला. त्यापूर्वी प्रत्येक खातं आपापल्या मर्जीने तरतूद करी. 1994 ला विभागांमधली विकासाची तूट पाहणारी वैधानिक विकास मंडळं झाली, तेव्हा विदर्भ आणि मराठवाड्याला स्वतंत्र मंडळ मिळालं. खान्देश पुण्या-मुंबईसोबत ‘उर्वरित महाराष्ट्रा’त बसला. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते, कारण पुण्याच्या आकड्यांशेजारी नंदुरबारची तूट झाकली जाई. या मंडळांची मुदत 2020 मध्ये संपली. 2018 मध्ये केंद्राने नंदुरबारला ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांत घेतलं.

2015 पासून पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. फडाच्या पंचांकडे होता तसा हिशेब मागण्याचा हक्क त्यामुळे गावाकडे आला. परिचारिकेची रिकामी जागा भरण्याचा अधिकार मात्र अजून वरच आहे.