सामुराईंचे ते रंगीत फोटो नेमके कुठून आले

दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे तो फोटो येतोच. चिलखत घातलेला जपानी योद्धा, शिरस्त्राणाला शिंगं, कमरेला दोन तलवारी, हातात धनुष्य, चेहरा एकदम गंभीर, आणि खाली कॅप्शन असतं ‘१८६० मधले शेवटचे खरे सामुराई, दुर्मिळ फोटो’. फोटो जुना असतो हे खरं, तलवारही बहुतेक खरीच असते, पण तो माणूस सामुराईच असेल याची काही गॅरंटी नाही. आणि दुर्मिळ तर अजिबातच नाही, कारण हे फोटो विकायलाच काढले होते, आणि ते धडाधड विकले गेलेही.

थोडं मागे जाऊ. जपानमध्ये हत्यार कोणाच्या हातात असावं हे सरकारनेच ठरवायचं ही जुनी रीत. १५८८ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडच्या तलवारी, भाले, बंदुका सगळं जप्त केलं, आणि पुढे तोकुगावा घराण्याच्या राज्यात एक लांब नि एक आखूड अशा दोन तलवारी कमरेला खोचायचा मान फक्त सामुराईंना उरला. अडीचशे वर्षांत मोठ्या लढाया जवळपास झाल्याच नाहीत, त्यामुळे बरेचसे सामुराई हिशेब लिहिणारे, वसुली बघणारे कारकून होऊन बसले. पण तलवार सुटली नाही, कारण ती लढायला कमी आणि आपण कोण आहोत हे रस्त्यावर दाखवायला जास्त होती.

१८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांसाठी उघडलं. १८६२ मध्ये तिथून जवळच, नामामुगी गावापाशी, सात्सुमा संस्थानाच्या शिमाझु हिसामित्सुचा लवाजमा चालला होता, आणि घोड्यावरून आलेल्या रिचर्डसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला त्यातल्या सामुराईंनी कापून काढलं. पुढच्या वर्षी त्यावरून इंग्रजांनी सात्सुमाच्या कागोशिमा शहरावर तोफा डागल्या. थोडक्यात काय, योकोहामातल्या गोऱ्या लोकांना दोन तलवारवाल्या माणसाची भयंकर भीती होती, आणि ज्याची भीती वाटते त्याचं चित्र घरी न्यायची हौसही तेवढीच दांडगी!

नेमका १८६३ मध्ये तिथे फेलिचे बेआतो नावाचा फोटोग्राफर येऊन पोचला. हा गडी आपल्याकडेही येऊन गेलेला. क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढून हा १८५८ मध्ये लखनौला आला, सिकंदर बागेच्या पडक्या हवेलीपुढे हाडं विखुरलेली दिसतात तो प्रसिद्ध फोटो याचाच. लढाई होऊन महिने उलटल्यावर काढलेला आहे तो, आणि फोटो ‘चांगला’ यावा म्हणून हाडं मुद्दाम तशी पसरून ठेवली होती असा संशय तेव्हापासून आहे. म्हणजे सीन जमवायची सवय जपानला जायच्या आधीपासूनची म्हणायची. लखनौनंतर चीनमधलं अफूचं दुसरं युद्ध, मग योकोहामा.

तिथे परदेशी माणसाला बंदरापासून साधारण ४० किलोमीटरच्या पलीकडे मोकळं फिरता येत नव्हतं. म्हणून जपानलाच स्टुडिओत आणायचं. पडदा लावायचा, चिलखत घालून कोणालातरी उभं करायचं. तेव्हा काचेवर ओलं रसायन लावून, ते वाळायच्या आत फोटो काढून लगेच धुवावा लागे, आणि माणसाला काही सेकंद तरी पुतळ्यासारखं थांबावं लागे, मानेमागे लोखंडी स्टँडचा आधार देऊन. म्हणून तलवार उपसतानाची पोझ असते पण अंगात वेग कुठेच दिसत नाही. बारकाईने बघितलं तर काही फोटोंत पायामागे त्या स्टँडचा बूड दिसतो. तेच चिलखत वेगवेगळ्या चेहऱ्यांवर दिसायला लागलं की समजायचं, ही स्टुडिओची प्रॉपर्टी, आत उभा माणूस मॉडेल.

रंग मात्र कमाल आहे. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर छापलेले हे तपकिरी फोटो बेआतोने जपानी चित्रकारांकडून जलरंगात हाताने रंगवून घेतले. लाकडी ठशांच्या चित्रांची परंपरा असलेला देश, हात तयारच होते. १८६६ च्या योकोहामाच्या आगीत त्याचा स्टुडिओ निगेटिव्हसकट जळाला, पण पठ्ठ्याने पुन्हा फोटो काढून १८६८ मध्ये दोन खंडांचा अल्बम बाजारात आणला.

आणि मग गंमत अशी की सामुराई संपायला लागले तशी त्यांच्या फोटोंची चलती वाढली. १८७१ मध्ये शेंडी आणि तलवार ऐच्छिक झाली, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली म्हणजे शेतकऱ्याचा पोरगाही शिपाई, आणि २८ मार्च १८७६ ला हुकूम निघाला की सैन्य, पोलीस वगैरे सोडून कोणी कमरेला तलवार लावायची नाही. लोहारांनी सुऱ्या-चाकू बनवायला घेतले, जुनी चिलखतं नि तलवारी बाजारात आल्या आणि गोऱ्यांनी त्या हौसेने उचलल्या. १८७७ मध्ये बेआतोचा धंदा स्टिलफ्रीड नावाच्या ऑस्ट्रियन सरदाराने घेतला, पुढे कुसाकाबे किम्बेई, जो आधी याच लोकांकडे फोटो रंगवायचा, त्याने स्वतःचा स्टुडिओ टाकला. तोवर रस्त्यावर दोन तलवारी दिसणं बंद झालं होतं, पण अल्बममध्ये सामुराई हजर! किम्बेईच्या फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात बऱ्याचदा नंबर आणि इंग्रजी नाव असतं, गिऱ्हाइकाने नंबर सांगायचा, फोटो घ्यायचा.

त्याच दशकात खुद्द सम्राटाचा फोटो बघा. उचिदा कुइचीने १८७२ मध्ये मेइजी सम्राटाला दरबारी पोशाखात टिपलं, आणि १८७३ मध्ये केस कापलेले, युरोपियन लष्करी गणवेश, समोर पाश्चात्त्य धाटणीची तलवार. जपानला स्वतःला दाखवायचा चेहरा हा होता, आणि बोटीने आलेल्या टुरिस्टला हवा होता तो दुसराच.

खऱ्या सामुराईंचे फोटो नाहीत असं नाही हं. १८५७ चा शिमाझु नारिआकिराचा फोटो तर सात्सुमाच्या दाइम्योचा, म्हणजे संस्थानिकाचा, आणि काढला त्याच्याच माणसांनी. तोकुगावांची सत्ता उलथवायच्या चळवळीतल्या साकामोतो र्‍योमाचा फोटो नागासाकीच्या उएनो हिकोमाच्या स्टुडिओतला, कमरेला आखूड तलवार आणि पायात चक्क विलायती बूट. मला विचाराल तर चिलखतवाल्या सगळ्या मॉडेलांपेक्षा तो एक बूट त्या काळाबद्दल जास्त सांगतो. काही जुन्या काचेवरच्या फोटोंत प्रतिमा आरशासारखी उलटी यायची, म्हणून काही जण किमोनोचा पदर उलटा घेऊन आणि तलवार उजवीकडे लावून बसायचे, म्हणजे फोटोत सगळं सरळ दिसेल. उलटा पदर मेलेल्या माणसाला नेसवतात ना, कोण तसा फोटो ठेवेल.

हीच तऱ्हा त्या वेळी आपल्या मुंबईतही चालू होती. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले, त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेले आहेत. आज ते बघून कोणी ‘त्या काळचं रोजचं जीवन’ म्हणत असेल तर जरा जपून.

आणि सायगो ताकामोरी, १८७७ च्या सामुराईंच्या बंडाचा नायक, ज्याच्या नावाने सगळ्यात जास्त फोटो फिरतात, त्याचा खात्रीचा एकही फोटो नाही. जे प्रसिद्ध चित्र आहे ते किओस्सोने नावाच्या इटालियनने तो गेल्यावर काढलं, चेहऱ्याचा वरचा भाग धाकट्या भावाचा बघून आणि खालचा नात्यातल्या ओयामा इवाओचा बघून. नागासाकीत व्हेरबेक नावाच्या मिशनऱ्याभोवती तलवारवाली चाळीसेक पोरं बसलेला एक फोटो आहे, त्यातही सायगो, र्‍योमा, इतकंच काय तरुण सम्राटसुद्धा आहे असं ठोकून देतात. ते साधे विद्यार्थी आहेत हो, व्हेरबेककडे इंग्रजी शिकायला आलेले.